ईयोबाचा २८वा अध्याय आणि खाणीतलं छत

निर्गुडाकाठची

सगळ्यांना सलाम.

मागच्या रविवारी मंडळीत वाचनाची पाळी माझी होती. पाळकसाहेबांनी ईयोब, अध्याय २८ दिला होता. घरी दोनदा वाचून गेले होते, तरी चौथ्या वचनाला आवाज अडकला. समोर तिसऱ्या बाकावर बाबा बसले होते. तेव्हापासून हा अध्याय डोक्यातून जात नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडं. ईयोब हा जुन्या करारातला ४२ अध्यायांचा ग्रंथ. नीतीनं चालणारा, गुराढोरांनी भरलेल्या घरचा माणूस. त्याचं सगळं जातं, लेकरंसुद्धा, आणि अंगभर फोडं येतात. अलीफज, बिल्दद आणि सोफर हे तीन मित्र भेटीला येतात. सात दिवस मुकाट बसतात, आणि मग बोलायला लागतात ते थांबतच नाहीत. तुझंच काहीतरी चुकलं असणार, हा त्यांचा धोशा. असा वाद पेटलेला असताना मधेच २८वा अध्याय येतो. त्यात ईयोबाच्या जखमा नाहीत, मित्रांचे टोमणे नाहीत. सरळ खाण सुरू होते.

माझ्या शब्दांत सांगते. रुप्याची खाण असते, सोनं गाळायची जागा असते. लोखंड मातीतून काढतात, दगड वितळवून तांबं काढतात. माणूस अंधाराला हद्द घालतो, पार शेवटच्या टोकापर्यंत दगड शोधतो. वस्तीपासून लांब, जिथे कुणाचं पाऊल पडत नाही तिथे तो भुयार खणतो, आणि माणसांपासून दूर तिथे लोंबकळत, झोके खात राहतो. पाचव्या वचनात आहे की जमिनीच्या वर भाकर पिकते आणि तिच्या पोटात आगीनं उलथापालथ व्हावी तशी उलथापालथ होते. ती वाट घारीनं पाहिली नाही, सिंह तिथून गेला नाही. माणूस मात्र डोंगर मुळापासून उलटवतो, खडकातून पाट काढतो, लपलेलं उजेडात आणतो.

एवढं सगळं झाल्यावर १२वं वचन विचारतं, पण ज्ञान कुठे सापडेल?

पाचव्या वचनाबद्दल यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीच्या माणसाला काय सांगायचं! आमच्या गावाला वर पऱ्हाटी आणि तूर, खाली कोळसा. उघड्या खाणीच्या कडेला उभं राहिलं की आधी काळी माती दिसते, मग मुरूम, मग खडक, आणि खूप खाली काळा थर. उन्हाळ्यात कोळशाचा ढीग हवा लागून आपोआप पेटतो, रात्री दुरून लाल रेघा दिसतात, पाणी मारलं तरी आतून धूर येतच राहतो. अलीकडे धुऱ्यावर बैल चरत असतो. हे लिहिणाऱ्यानं असं काहीतरी डोळ्यांनी पाहिलेलं असणार, ऐकीव माहितीवर असं वचन लिहून होत नाही.

बाबा ३१ वर्षं जमिनीखालच्या खाणीत होते. इनक्लाइननं, म्हणजे खाणीच्या उतरत्या वाटेनं, उतरायचे. कमरेला बॅटरी, टोपीवर बत्ती, हातात सब्बल म्हणजे लोखंडी पहार. मी लहान असताना मला वाटायचं सब्बल कोळसा फोडायला असते. एकदा त्यांनी अंगणात बसवून दाखवलं. घराच्या भिंतीवर सब्बल ठोकली आणि म्हणाले, "आयक." मग जिथं पोपडा सुटला होता तिथं ठोकली. आवाज बदलला. पहिला टणक, दुसरा पोकळ, ढब असा. "खाली गेल्यावर पयले छत ठोकाचं. टनटन वाजलं त बसाचं. ढब वाजलं त मांग सरकाचं. छत बोलते, आपल्याले आयकता आलं पायजे."

आता शेवटचं, २८वं वचन. सगळीकडे शोधून झाल्यावर देव माणसाला सांगतो, प्रभूचं भय धरणं हेच ज्ञान, आणि वाईटापासून दूर राहणं हीच समज.

खरं सांगते, हे वचन मला अनेक वर्षं रुचलं नाही. 'भय' म्हटलं की मला शाळेतली छडी आठवायची, वसुलीला दारात येऊन उभा राहणारा माणूस आठवायचा. इतकं देखणं काव्य आणि शेवटी काय, तर भ्या! वाटायचं, कवीनं हात टेकले.

पण बाबांच्या तोंडी एक वाक्य नेहमी असायचं. नवा पोरगा पाळीवर आला की ते त्याला आधी घरी चहाला बोलवायचे, आणि तो गेल्यावर आईला सांगायचे. कधी म्हणायचे, "पोरगा चांगला हाय, त्याले छताचा भेव हाय." आणि एखाद्याबद्दल म्हणायचे, "ज्याले भेव नाही त्याच्यासंगं मी पाळी करत नाही." बाबा स्वतः भित्रे नव्हते. रोज खाली जाणारा माणूस भित्रा कसा असेल? ते ज्याला भेव म्हणायचे ते पळून जाणं नव्हतं. कान उघडे ठेवून काम करणं होतं. आपल्यापेक्षा कितीतरी मोठं काहीतरी डोक्यावर आहे, ते आपल्या हातात नाही, आणि त्याची भाषा मात्र शिकता येते, अशी ती जाण.

मंडळीत वाचताना मला पहिल्यांदा वाटलं की २८व्या वचनातलं भय हेच असेल. खाणीपासून सुरू झालेलं काव्य खाणकामगाराच्या भेवावर येऊन थांबतं. मी हिब्रू शिकलेली नाही. जाणकारांनी सांगावं, हे असं वाचणं बरोबर आहे का?

---

एस्तेरमावशी

बाई, सलाम. तुझा धागा दोनदा वाचला. बाबांना माझा नमस्कार सांग.

मी यवतमाळची. युनियन बिब्लिकल सेमिनरी, म्हणजे पाळकांना शिकवणारं कॉलेज, १९८३ साली पुण्याला गेली, त्याआधी यवतमाळलाच होती. आम्ही पोरीसोरी तिथल्या शिक्षकांच्या घरी संडेस्कूलला जायचो. तिथं कानावर पडलेलं एक सांगते, ते मी पुढं पडताळूनही घेतलं.

तिसऱ्या वचनात माणूस टोकापर्यंत 'शोधतो', तिथं हिब्रूत जे क्रियापद आहे तेच २७व्या वचनात देवासाठी आलं आहे. देवानं ज्ञान पाहिलं, मोजलं, मांडलं आणि ते 'शोधून' पाहिलं. माणूस दगडाचा तपास करतो आणि देव ज्ञानाचा, शब्द मात्र एकच. म्हणजे खाणकामगाराच्या मेहनतीला कवी कमी लेखत नाही. तोच शब्द देवाच्या हाती देतो म्हणजे केवढा मान झाला.

आणि ११व्या वचनात माणूस झिरपणाऱ्या पाण्याला बांध घालतो, तिथं मुळात जो शब्द आहे त्याचा एक अर्थ 'रडणं' असाही होतो. नद्यांचं रडणं तो बांधतो. काही अभ्यासक तो शब्द वेगळा वाचतात, 'नद्यांचे उगम' असा. मला रडणंच आवडतं. खाणीत भिंतींतून पाणी पाझरतं ना? बाबांना विचार.

पंडिता रमाबाईंनी केडगावला मुक्तिसदनातल्या बायकांना सोबत घेऊन आख्ख्या बायबलचं मूळ हिब्रू-ग्रीकवरून भाषांतर केलं. १९२२ साली त्या वारल्या, तोवर त्या कामात होत्या. आपल्याच भाषेत एका बाईनं हे केलेलं असताना 'मी हिब्रू शिकलेली नाही' असं म्हणून मागं राहू नकोस. अजून वय गेलं नाही तुझं.

---

वावरवाला

ताई, मी काही ख्रिस्ती नाही, माळकरी घरातला आहे. पण पाचवं वचन वाचून मले राहवलं नाही म्हणून लिवतो.

वर भाकर, खाली आग. आमचं सहा एकर वावर खाणीत गेलं. पैसा भेटला, नाही म्हणत नाही. भावाले नोकरी लागली. पण जे राहिलं त्या दोन एकरात विहिरीचं पाणी दरसाल खाली चाललं, कारण खाण पाणी उपसते. त्या ११व्या वचनात म्हणतात ना पाणी बांधते म्हणून, आमच्याकडं बांधत नाही, उपसून नाल्यात सोडते. नाल्याले उन्हाळ्यातबी पाणी आणि विहीर कोरडी! माह्या मायले ही गोष्ट अजून समजत नाही. ती म्हणते, पाणी तर दिसते बापा, मग आपल्या विहिरीत काऊन नाही.

मंग मी तुमचा अध्याय सगळा वाचला, मोबाइलवर सापडला. मले सगळ्यात भारी वाटलं ते २५वं वचन. देवानं वाऱ्याले वजन दिलं. शहरातल्या माणसाले हे कोडं वाटन. पण ज्यानं सोयाबीन उपणलं आहे त्याले इचारा. टोपलं डोक्यावर धरून उभं राहा, वारा हलका असला त कुटार दाण्यातच पडते, जड असला त दाणाबी उडून जाते. बरोबर वजनाचा वारा आला की हाताले समजते. माहा आजा डोळे मिटून सांगे, "आता सोड." थ्रेशर आल्यापासून ते कोनाले सांगाचं कामच राहिलं नाही.

आणि २६वं. पावसाले नेम आणि कडकडणाऱ्या इजेले वाट. मिरगाच्या दिवसांत आमच्याकडं वावरात माणसं आन जनावरं इजेनं मरतात. मागं दोन सालाआधी शेजारच्या वावरात पळसाखाली उभी असलेली बैलजोडी गेली. इजेची वाट ठरलेली आहे असं वाचून मले बरं वाटलं का वाईट, अजून समजलं नाही. वाट ठरलेली आहे, मंग ती त्या पळसावरूनच काऊन गेली?

---

निर्गुडाकाठची

वावरवालादादा, वाऱ्याचं वजन मी आजवर नुसतं वाचून पुढे जात होते. उपणायचं मला सुचलंच नाही. आज शाळेत पोरांना सांगितलं, तर चौथीतला एक जण उठून टोपलं कसं धरायचं ते करून दाखवायला लागला.

पळसाचं उत्तर माझ्याकडे नाही. ईयोबाकडेही नव्हतं. ३८व्या अध्यायात देव बोलतो तेव्हा हाच विजेच्या वाटेचा शब्द पुन्हा येतो, पण प्रश्न म्हणून. कडकडणाऱ्या विजेला वाट कुणी फोडून दिली, जिथं माणूस नाही त्या रानावर पाऊस पाडायला? म्हणजे माणसाचा हिशेब बाजूला ठेवूनही पाऊस पडतो.

---

दगडधोंडे

भूगर्भशास्त्र शिकवून निवृत्त झालो, मूळ गाव बुटीबोरीच्या पुढे. या अध्यायासोबत आमच्या भागातल्या एका माणसाची गोष्ट सांगायलाच हवी.

स्टीफन हिस्लॉप. जन्म १८१७, स्कॉटलंड. १८४५च्या सुमारास मिशनरी म्हणून नागपुरात आला, शाळा काढली. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्याच्याच नावाचं, ते त्याच्या मृत्यूनंतर निघालं. बायबल शिकवायला आलेला हा माणूस सुट्टीच्या दिवशी हातोडी घेऊन खडक फोडत फिरायचा. नागपूर-कामठीच्या दगडांमधले जीवाश्म त्यानं गोळा केले, त्यावर लिहिलं. त्यात ग्लॉसोप्टेरिस नावाच्या वनस्पतीची पानं होती, जिभेच्या आकाराची. वणी-चंद्रपूरचा कोळसा ज्या जंगलांपासून झाला त्यातली ही मुख्य झाडं, पंचवीस कोटी वर्षांहून जुनी. ताई, तुमच्या बाबांनी छतावर सब्बल ठोकली तेव्हा त्या खडकात ही पानं असू शकतील. खाणीतल्या शेलमध्ये, म्हणजे चिखलाच्या पापुद्र्यांच्या दगडात, ती पुष्कळदा दिसतात, काळ्यावर काळी, बत्ती तिरपी धरली तर.

आणि वरची काळी माती? ती बेसाल्टची, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याची. म्हणजे आपल्याकडे आग वरच्या थरात होऊन गेली आणि तिच्यातूनच भाकर निघाली, जंगल खाली गाडलं गेलं. पाचवं वचन आपल्याकडे उलटंही वाचता येतं.

हिस्लॉप १८६३च्या सप्टेंबरात टाकळघाटला गेला होता, तिथली जुनी शिळावर्तुळं पाहायला. परत येताना पुराच्या नाल्यात बुडाला. वय ४५. मी लहानपणी त्याच भागातला नाला ओलांडून शाळेत जायचो, आणि ही गोष्ट मला कळली ती पार कॉलेजात गेल्यावर.

त्यानं हा अध्याय नक्कीच वाचला असेल. दगड शोधणारा आणि ज्ञान शोधणारा एकाच अंगरख्यात, असा माणूस ईयोबाच्या कवीला भेटला असता तर दोघांना बोलायला पुष्कळ होतं.

---

मेळघाटी

धागा सुंदर आहे, आणि म्हणूनच विरोध नोंदवतो. ताईंनी रागावू नये.

२८व्या वचनातले शब्द पाहा. देवाचं भय धरणं, वाईटापासून दूर राहणं. आता ग्रंथाचं अगदी पहिलं वचन काढा, १:१. ईयोबाची ओळखच तशी करून दिली आहे, देवाचं भय धरणारा आणि वाईटापासून दूर राहणारा. पुढे १:८ मध्ये देव स्वतः तेच म्हणतो. म्हणजे ज्याला ज्ञान म्हटलं ते ईयोबाकडे पहिल्या दिवसापासून होतं. त्याचं काय झालं? लेकरं वाचली का?

तुमच्या बाबांचा भेव समजला. पण भेव धरणाऱ्यावरही छत पडतं. मग ते ज्ञान कसलं?

दुसरं, हा अध्याय ईयोबाचं भाषण आहे की मध्ये घातलेलं स्वतंत्र काव्य, यावर अभ्यासकांचा वाद आहे. २७:१ आणि २९:१ दोन्हीकडे 'ईयोब पुन्हा बोलू लागला' अशा अर्थाचं वाक्य आहे. २८वा अध्याय त्याचाच असता तर २९ला पुन्हा सुरुवात का करावी लागली असती? मला वाटतं ही वेगळ्या कुणाची तरी शांत रचना आहे आणि ती तडफडणाऱ्या माणसाच्या तोंडावर पांघरूण म्हणून टाकली आहे. गरिबाला भय शिकवणारे खूप असतात. मला ईयोबाचा ओरडा जास्त खरा वाटतो.

---

रिद्धपूरकर

मेळघाटी यांचा मुद्दा जड आहे. मी त्याला उत्तर देत नाही, फक्त एक प्रतिमा समोर ठेवतो.

आमच्या घरी महानुभाव परंपरा. केसोबासांच्या 'दृष्टांतपाठ' या जुन्या ग्रंथात हत्तीचा दृष्टांत आहे, लहानपणी ऐकलेला. आंधळे हत्तीला चाचपतात आणि ज्याच्या हाताला जे लागलं तेवढ्यालाच तो हत्ती म्हणतो. प्रत्येकाचं म्हणणं एकच, मला सापडला.

या अध्यायाच्या मध्यात मला नेमकं उलटं दिसलं. डोह म्हणतो, माझ्यात नाही. समुद्र म्हणतो, माझ्याजवळ नाही. मृत्यूही म्हणतो, आम्ही नुसती कुणकुण ऐकली. कुणीच 'मला सापडलं' म्हणत नाही. ईयोबाच्या तिन्ही मित्रांना मात्र सापडलेलं होतं, ते हत्तीचे पाय धरून बसले होते. त्यांच्या बडबडीनंतर समुद्राचं 'माझ्याजवळ नाही' ऐकताना मला मोकळं वाटलं. हे पांघरूण असेल तर ते ईयोबाच्या नव्हे, मित्रांच्या तोंडावर पडलेलं आहे.

---

वावरवाला

रिद्धपूरकर दादा, बरोबर पकडलं.

आणि सोन्याचं राहिलंच. १५ ते १९ वचनात सोनं, सोनं, सोनं. ओफिराचं सोनं, चोख सोनं. आमच्याकडं कापूस म्हणजे पांढरं सोनं आणि कोळसा म्हणजे काळं सोनं. दोन्ही सोनी एकाच सातबाऱ्यावर होती, तरी घरात अकलेचा दुष्काळ पडाचा तो पडलाच. भावा-भावात बोलणं बंद आहे तीन वर्सापासून.

---

एस्तेरमावशी

वावरवाला, बापू, तिथं हिब्रूत सोन्यासाठी चार निरनिराळे शब्द आहेत. कवीनं सगळी तिजोरी रिकामी केली आणि तरी भाव जुळला नाही.

भावाला फोन कर. दिवाळीची वाट पाहू नको.

---

निर्गुडाकाठची

मेळघाटीदादा, रागावण्यासारखं काही नाही. तुमचा प्रतिसाद वाचून मी दोन दिवस काही लिहू शकले नाही, कारण तुम्ही विचारलेलं मी लहानपणीच बाबांना विचारलं होतं.

बाबांना छत ऐकायला ज्यांनी शिकवलं ते त्यांच्या पाळीचे सरदार, म्हणजे पाळीवर देखरेख करणारे, होते. गॅस पाहायची बत्ती त्यांच्याकडे असायची. बाबा सांगतात, इतका सावध माणूस अख्ख्या खाणीत नव्हता. आणि छत त्यांच्यावरच आलं. मी तेव्हा सातवीत होते. बाबा त्या रात्री घरी आले, हातपाय धुतले, आणि ओट्यावर बसून राहिले. मी विचारलं, त्यांना भेव नव्हता का? बाबा बऱ्याच वेळानं म्हणाले, "होता न. त्यानं आवाज देल्ला तवाच आमी मांग झालो."

यातून ईयोबाला उत्तर मिळतं असं मी म्हणत नाही. सरदारांच्या घरच्या काकूंना मी अजून भेटते, त्यांच्यापुढे २८वं वचन म्हणायची माझी हिंमत नाही. ओरडा खरा आहे हे तुमचं मला मान्य आहे. पण सरदारांनी दिलेली हाकही खरी होती, आणि ती देता आली कारण ते ऐकत होते. दोन्ही एकाच ग्रंथात आहेत, मला यातलं एक काढून टाकता येत नाही.

मावशी, पाण्याचं विचारलं. बाबा म्हणाले, पाझर तर चोवीस तास. रात्रपाळीला पंपावरचा माणूस सोडून सगळे गेले की तो आवाज कुणीतरी मुसमुसत असल्यासारखा येतो. 'रडणं' हा शब्द मी त्यांना आधी सांगितला नव्हता.

दगडधोंडे सर, पानांचंही विचारलं. ते उठले, आतल्या खोलीत गेले आणि जुन्या टिफिनच्या डब्यातून एक पाटीसारखा दगड घेऊन आले. त्यावर पान आहे, मधली शीर स्पष्ट. एवढी वर्षं तो डबा घरात आहे आणि मला माहीत नव्हतं. फोटो काढून टाकते.

काल संध्याकाळी त्यांना सगळा अध्याय पुन्हा वाचून दाखवला, हळूहळू, मधे थांबत. त्यांनी डोळे मिटले होते, मला वाटलं झोप लागली. संपल्यावर म्हणाले, "ते चवथं पुन्यांदा वाच." वाचलं. माणसांपासून दूर ते लोंबकळतात, झोके खातात.

"दोर कोन धरून हाय वरतं, ते लिवलं नाही का?"

मी वचन पुन्हा पाहिलं, मागचं पुढचंही पाहिलं. दोराचा शब्दच तिथे नाही.